हलकी रायफल कीं साधी बंदूक?

मक्याचीं कणसें दुधांत आलीं कीं नांदगांव तालुक्यांतून मंडळाकडे येणारीं पत्रें बहुतेक एकाच विषयाचीं असतात. सातमाळ्याच्या पायथ्याचीं शिवारें, न्यायडोंगरीचा भाग, माणिकपुंजची बाजू, गिरणा धरणाच्या फुगवट्याकांठचीं गांवें, सगळीकडून तक्रार तीच. रात्रीं रानडुकरांचा कळप शिरला आणि उजाडतां पाहावें तों मका आडवा झालेला. डुक्कर खातें थोडें व नासतें फार. भुईमुगांत शिरलें तर मुसंडीनें माती अशी उलथतें कीं, पाहणारास वाटावें येथें कोणी आडवातिडवा नांगर धरला असावा. उसनवारीनें बीं व खत आणून ज्यानें हें पीक उभें केलें, त्यानें ओल्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवीत रात्री काढाव्या, आणि डोळा लागला त्याच घटकेस कळपानें यावें, हें दरसालचें होऊन बसलें आहे.

गेल्या हंगामांत असेच एक सभासद आमच्याकडे आले. दोन एकर मक्यापैकीं निम्म्याहून अधिक गेलेला. त्यांनीं खिशांतून एक कागद काढून पुढें ठेविला. त्यावर एका हलक्या रायफलीचें चित्र होतें, वर दुर्बीण बसविलेली. म्हणाले, "अशी एखादी सुचवा. हलकी पाहिजे, स्वस्त पाहिजे, आणि पार पलीकडच्या बांधावरचें डुक्कर लोळलें पाहिजे." त्यांस त्या दिवशीं आम्हीं तोंडीं जें सांगितलें तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहों, कारण ही मागणी त्यांची एकट्याची नाहीं.

बंदुकीची निवड करण्यापूर्वीं ती कोणत्या जनावरासाठीं हवी हें पाहिलें पाहिजे, आणि येथेंच पुष्कळांची गल्लत होते. आपल्या तालुक्याच्या शेजारीं, येवलें तालुक्यांतील ममदापूर-राजापूरच्या माळावर, काळविटांसाठीं सुमारें ५४ चौरस किलोमीटरांचें संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ सालीं घोषित झालें. काळविटास तालुक्याची शींव माहीत नसते. तीं आपल्याही शिवारांत येतात, आणि कोवळ्या पिकाचें नुकसान करतात हेंही खरें. परंतु काळवीट, चिंकारा, लांडगा, बिबट्या, मोर हे सर्व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. त्यांपैकीं एकास मारल्यास कमींत कमी तीन वर्षें व अधिकांत अधिक सात वर्षें कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें निदान पंचवीस हजार रुपये दंड. कायद्यांत 'शिकार' या शब्दाचा अर्थही मोठा व्यापक आहे. मारणें तर त्यांत आलेंच, पण जखमी करणें, फासांत धरणें, विष घालणें, पाठलाग करून हांकणें, हेंही त्यांत येतें. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलें असतां सद्‌हेतूनें केलेला प्रतिकार हा गुन्हा नव्हे, पण ही सवलत माणसाच्या जिवापुरती आहे, पिकापुरती नाहीं.

राहिलें रानडुक्कर. तेंही मोकळें रान नव्हे. पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरास व रोह्यास मारण्याची परवानगी वनक्षेत्रपालानें द्यावी, अशी व्यवस्था महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं केली. अर्ज करावा लागतो, व परवानगी हातीं आल्यावरच बार काढावयाचा असतो. मारलेलें जनावर शासनाच्या मालकीचें होतें, म्हणून त्याचें मांस घरीं नेतां येत नाहीं, ही गोष्ट कित्येकांस ठाऊक नसते व ठाऊक झाल्यावर आवडत नाहीं. बंदुकीचा परवाना एका कचेरींतून, जनावराची परवानगी दुसऱ्या कचेरींतून, आणि एक असला म्हणजे दुसरा नको असें होत नाहीं.

आतां बंदुकीचा परवाना. इंग्रजी अमदानींत १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें येथील रयतेस परवान्यावांचून हत्यार बाळगणें बंद झालें, मात्र युरोपियनांस त्यांतून सूट होती. त्या काळीं वेरूळचीं लेणीं पाहावयास जाणारे साहेब लोक नांदगांव स्टेशनावरच उतरत. त्यांच्या सामानांतील रायफलीस परवाना लागत नसे, आणि त्याच वाटेवरच्या शेतांत डुकरें हांकणाऱ्या कुणब्याच्या ठासणीच्या बंदुकीस मात्र लागे. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनांत या कायद्याविषयीं ठराव केला होता. पुढें तो भेद गेला. स्वराज्यांत १९५९ सालीं जो नवा कायदा झाला, त्यांत शेतकऱ्याची आठवण ठेविलेली आढळते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, आणि ठासणीची बंदूक त्या कामास पुरणार नाहीं अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास निदान वीस इंच नळीची, आंत आटे नसलेली, म्हणजे गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी, असें त्याच्या तेराव्या कलमांत आहे.

आमच्या सभासदांच्या कागदावरील रायफल येथेंच बाद होते. पिकाच्या राखणीसाठीं कायद्यानें जी वाट मोकळी ठेविली आहे ती गुळगुळीत नळीची आहे. रायफलीचा परवाना मिळतच नाहीं असें नाहीं, पण त्यास वेगळें सबळ कारण दाखवावें लागतें, व तें देणें न देणें अधिकाऱ्याच्या विवेकावर राहतें. २०१६ च्या नियमांप्रमाणें अर्जदारानें हत्यार सुरक्षित वापरण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला जोडावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांची पांच वर्षें झाली, व एका माणसाजवळ तीनऐवजीं दोनच हत्यारें ठेवतां येतील असें ठरलें.

कायदा बाजूस ठेवून केवळ उपयोगाच्या दृष्टीनें पाहिलें तरी आमचें मत बदलत नाहीं. रायफलीच्या नळींत आंतून पिळदार आटे असतात. त्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते, म्हणून ती सरळ व दूर जाते. हा गुणच आपल्या शिवारांत दोष ठरतो. जिला लोक खेळण्यांतली समजतात ती 'बावीस'ची गोळीसुद्धां दोन किलोमीटरांपलीकडे जाऊं शकते. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची '३१५ बोअर'ची रायफल आपल्याकडे जुनी ओळखीची आहे. लष्करी '३०३'चें काडतूस खाजगी माणसाच्या हातीं पडूं नये या धोरणांतून ती हिंदुस्थानांत रुळली, आणि '३०३' आजही निषिद्धच आहे. या '३१५'ची गोळी तीन किलोमीटरांच्याही पुढें जाऊन माणूस मारूं शकते. डोंगराच्या उतारावर गोळी अडते, पण मनमाडापासून नांदगांवपर्यंतच्या सपाटीवर तिला अडविणार कोण? पिकें निघालेल्या रानांत मेंढपाळांचे वाडे बसलेले असतात, कांद्याच्या लागवडीस आलेलीं मजुरांचीं बिऱ्हाडें पालांत निजलेलीं असतात, पलीकडच्या बांधावर शेजारी स्वतःच्या पिकाची जागल करीत बसलेला असतो. काळोखांत विजेरीच्या झोतांत डुकराचे डोळे तेवढे दिसतात, डुकराच्या मागें काय आहे तें दिसत नाहीं.

छऱ्यांचें तसें नाहीं. छऱ्याचा व्यास इंचांत घेऊन त्यास २२०० नें गुणिलें म्हणजे तो अधिकांत अधिक किती वार जाईल याचा अंदाज निघतो, असा एक जुना ठोकताळा आहे. चार नंबरचा छर्रा सुमारें बारा शतांश इंचाचा, तो अडीचशें वारांच्या थोडा पुढें जाऊन पडतो. 'एस्‌जी'चा मोठा छर्रा तेहतीस शतांश इंचाचा, तो सातशें वारांपर्यंत जाऊं शकतो, म्हणून त्यालाही जपलेंच पाहिजे. तथापि सातशें वार आणि तीन किलोमीटर यांत एका गांवाचा फरक आहे.

वजनाकडे वळूं. हलकी बंदूक हवी ही मागणी रास्त आहे. जो माणूस दिवसभर औत धरून रात्रीं माळ्यावर चढतो त्यास जड हत्यार नको वाटणारच. पण गंमत अशी कीं, ज्या रायफलीच्या हलकेपणाचा लोभ धरला जातो ती '३१५' साडेतीन किलोच्या आसपास भरते, आणि दुर्बीण चढविली म्हणजे त्याहून अधिक. याच्या उलट साधी एकनळी बारा बोअरची बंदूक तीन किलोच्या आंतबाहेर असते. चित्रांत दिसणाऱ्या खरोखरच हलक्या रायफली बहुधा परदेशी असतात. सामान्य नागरिकास त्यांची आयात १९८० च्या दशकांतच बंद झाली. नेमबाजीच्या खेळाडूंस तेवढी सवलत आहे. पूर्वीं आलेल्या ज्या हातोहात फिरतात त्यांची किंमत ऐकूनच शेतकऱ्यानें उठून जावें.

शिवाय हलकेपणाची किंमत खांद्यास द्यावी लागते. काडतूस तेंच ठेवून बंदूक तीन किलोची अडीच किलो केली तर मागें बसणाऱ्या धक्क्याचा जोर पांचव्या हिश्शानें वाढतो. ग्रीनर या नामांकित इंग्रज बंदूककाराचा नियम असा सांगतात कीं, बंदुकीचें वजन छऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णव पट असावें. बारा बोअरच्या काडतुसांत साधारण ३२ ग्रॅम छरे असतात. शहाण्णवानें गुणिलें म्हणजे तीन किलोंहून किंचित् अधिक येतें. अर्थात् साध्या एकनळीचें जें वजन असतें तें उगीच ठरलेलें नाहीं. अति हलकी बंदूक घेऊन एकदां खांदा दुखावला कीं, दुसऱ्या बाराच्या वेळीं माणूस डोळे मिटून चाप ओढतो, आणि मिटल्या डोळ्यांनीं ओढलेल्या चापासारखी भयंकर गोष्ट शिवारांत दुसरी नाहीं. हलकेपणापेक्षां बंदूक अंगास बसते कीं नाहीं हें पाहावें. डोळे मिटून ती खांद्याला लावावी, मग डोळे उघडावे. नळी सरळ नजरेसमोर आलेली असली तर दस्ता आपल्या मापाचा आहे. मान वांकवावी लागली किंवा नळीची एक बाजू दिसूं लागली तर नाहीं. दस्ता लांब असेल तर सुतारी कामानें थोडा कमी करतां येतो, आखूड असेल तर टांचेस रबराची गादी बसवितां येते. ही गादी धक्काही थोडा सोसते.

'बारा बोअर' हें नांव कोठून आलें हें पुष्कळ वेळां विचारलें जातें. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत बरोबर बसेल ती बारा बोअर. व्यास साडेअठरा मिलिमीटरांच्या जवळ येतो. आपल्या कामास हेंच माप घ्यावें, कारण काडतूस सर्वत्र मिळतें. पुण्याजवळ खडकीस १८६९ सालीं स्थापन झालेल्या कारखान्यांत तें तयार होतें. बंदुका सरकारी कारखान्याप्रमाणेंच जम्मू व मुंगेर येथील लहान कारखान्यांतूनही होतात. एकनळीच घ्यावी, दोननळीचा खर्च करूं नये. दोननळीचा दुसरा बार हा पहिला नेम चुकण्याची सोय आहे, आणि आपणांस पाहिजे आहे तो पहिला बार जपून काढण्याची संवय. ठासणीची बंदूक सर्वांत स्वस्त खरी, पण पावसाळ्याच्या अखेरीस, जेव्हां मका उभा असतो तेव्हांच, दारूस ओल लागते व ऐन वेळीं ती फुसकी निघते. म्हणून अर्जांतच हें कारण स्पष्ट लिहून काडतुसाची बंदूक मागावी.

काडतुसें अनेक प्रकारचीं मिळतात. 'एस्‌जी'चे छरे एका औंसांत आठ, 'एल्‌जी'चे सहा. परवानगी असतां डुकरावर हींच चालवावयाचीं, आणि तींही पस्तीस-चाळीस वारांच्या आंत. त्यापुढें छरे पांगतात, डुक्कर जखमी होऊन जातें, आणि जखमी डुक्कर पहांटे गवत कापावयास गेलेल्या बाईच्या अंगावर येतें. लहान छऱ्यांनीं डुकराचें कातडें नुसतें चाळवूं नये. नुसत्या आवाजासाठीं बार काढावयाचा असेल तर नळी कोणाकडे आहे हें आधीं पाहावें, आकाशाकडे केलेला बारही खालीं येतोच. आवाजाचा उपयोगही फार दिवस पुरत नाहीं हें येथेंच सांगितलेलें बरें. डुक्कर हें हुशार जनावर आहे. एकाच जागेवरून रोज त्याच वेळीं बार झाला तर आठवड्याभरांत तें त्यास भीक घालीत नाहीं. जागा बदलावी, वेळ बदलावी, मधून दिवा व डबाही असूं द्यावा. खर्चाचा हिशेब करतांना एकट्या बंदुकीची किंमत धरून भागत नाहीं. काडतुसें, तेल, कुलपाचें कपाट, कचेरीच्या खेपा हें सारें त्यांत धरावें. दर हंगामीं किती बार लागतील याचा अंदाज करून मगच खिसा चाचपावा.

जुनी बंदूक घेण्याचा मोह होतो, व चांगली मिळाली तर हरकतही नाहीं. ती उघडून नळी उजेडाकडे धरावी. आंतील उजेडाचीं कडीं एकसारखीं गोल दिसलीं पाहिजेत. कोठें सांवली वांकडी पडली तर तेथें नळी चेंगरलेली किंवा फुगलेली आहे, ती घेऊं नये. बंद करून दस्ता धरून हलवावी, खडखडाट झाला तर सांधा झिजला. नळीवर बाहेरून लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाचे पीळ देऊन केलेली जुन्या जातीची नळी होय. दिसावयास ती फार सुंदर असते, पण आजच्या दारूसाठीं ती नव्हे. आणखी एक गोष्ट दुकानदारही सांगत नाहींत. जुन्या विलायती बंदुकांचें घर ६५ मिलिमीटरांच्या काडतुसाचें असे, आणि आज मिळणारीं बहुतेक काडतुसें ७० मिलिमीटरांचीं असतात. लांब काडतूस त्या घरांत बसतें, पण फुटतांना त्याचें तोंड पुरतें उघडत नाहीं व नळीवर ताण येतो. बंदुकीवर आंकडा पाहावा, न दिसल्यास जाणत्या कारागिराकडून मापून घ्यावी. खाजगी माणसाकडून घेत असल्यास विकणारानें जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा पोलिस ठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस जाऊं द्यावे लागतात. आपसांतला व्यवहार म्हणून तसाच हात बदलला तर दोघेही अडकतात.

परवान्यावांचून मिळणारी हवेची बंदूक घेऊन काम भागेल काय, असेंही पत्रांतून विचारलें जातें. तिच्या ४·५ मिलिमीटरांच्या छऱ्यानें डुक्कर मरत नाहीं, राखण होत नाहीं, आणि पांखरें मारलीं तर तो गुन्हाच. कार्बाइड घालून नळकांड्याचा बार काढणें त्याहून वाईट. २०२५ च्या दिवाळींत भोपाळ व आसपास अशा नळकांड्यांनीं कितीतरी मुलांचे डोळे दुखावले. आणि कुंपणाच्या तारेंत विजेचा सरळ प्रवाह सोडणारांविषयीं तर काय लिहावें! डुकरासाठीं लाविलेल्या तारेनें शेजाऱ्याचा मुलगा गेल्याच्या वार्ता महाराष्ट्रांत दर पावसाळ्यांत येतात. ज्यांस तारच हवी त्यांनीं झटका देणारें सौर कुंपण दोघां-चौघांनीं मिळून करावें. त्याचा खर्च बंदुकीहून फार नाहीं, आणि तें झोंपत नाहीं.

एक अडचण मात्र आम्हांसही सुटलेली नाहीं. निवडणूक लागली कीं परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात. २०२४ सालीं विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरास लागली व मतदान २० नोव्हेंबरास झालें. मक्याच्या काढणीचे, म्हणजे राखणीच्या शेवटच्या निकडीचे दिवस नेमके तेच. पिकाच्या राखणीच्या परवान्यांचा अशा वेळीं निराळा विचार व्हावा असें आम्हांस वाटतें, आणि सभासदांनीं वैयक्तिक अर्ज करून त्याची पोंच घ्यावी, म्हणजे मागणीस आधार राहील.

आमचे ते सभासद कागद घडी करून खिशांत घालून गेले. त्यांनीं आधीं नुकसानीचा पंचनामा करवून घेतला. त्याची नक्कल, सात-बारा व शिक्षणाचा दाखला जोडून त्यांनीं एकनळी बारा बोअरसाठीं अर्ज दिला, आणि शेजारच्या दोघांबरोबर कुंपणाच्या खर्चाचा अंदाज मांडला. परवाना अजून हातीं यावयाचा आहे. परवां बाजारच्या दिवशीं भेटले तेव्हां बंदुकीविषयीं कांहींच बोलले नाहींत, नव्या कुंपणाची बॅटरी ढगाळ दिवसांत किती टिकते एवढेंच विचारीत होते.